गाड्यांची यादी झाली, माणसांचं काय?

गेल्या आठवड्यात मिरजेतल्या एका ओळखीच्या माणसानं पार्सल घरपोच करायचा धंदा विकायला काढला. कागद वाचून बघा म्हणून मला बोलावलं. पत्रकाराला सगळं कळतं असा लोकांचा समज! स्टॅम्पपेपरवर यादी मात्र झकास होती. दोन छोटे टेम्पो, चेसिस नंबरासकट. तीन दुचाकी, वजनकाटा, लोखंडी रॅक, हातगाडी, ताडपत्र्या. फाटक्या ताडपत्रीची किंमतसुद्धा वेगळी लावलेली.

मी विचारलं, "आणि पोरं?" सहा पोरं आहेत कामाला, त्यातला एक नऊ वर्षं झाली.

"त्यांचं काय लिहायचं? नवा मालक घेईल की ठेवून."

मंडळी, हा प्रश्न आपल्या गावाला नवा नाही. मिरज स्टेशनातून सुटणाऱ्या एका रेल्वेच्या विक्रीतून तो थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता.

बार्शी लाईट आठवते ना? अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं ती उभी केली, कंपनी लंडनची. १८९७ मध्ये बार्शीपासून सुरुवात, १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर आणि १९२७ मध्ये मिरज. माल आणि वारकरी दोन्ही वाहिले तिनं. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाणी घेऊन जलदूत गेली, ती याच जुन्या वाटेवरून, फक्त रूळ आता मोठे झालेत.

कंपनीचा सरकारशी १८९५ चा करार होता. आधी नोटीस देऊन रेल्वे विकत घेण्याचा हक्क त्यात सरकारनं राखून ठेवला होता. डिसेंबर १९५२ मध्ये रेल्वे बोर्डानं नोटीस दिली: १ जानेवारी १९५४ पासून रेल्वे आमची. म्हणजे विकणारा, घेणारा, तारीख, सगळं कागदावर पक्कं.

मग ११ नोव्हेंबर १९५३ ला कंपनीनं कामगारांना नोटीस काढली. ३१ डिसेंबरच्या दुपारनंतर तुमची नोकरी संपली. ज्यांची इच्छा असेल त्यांना सरकार आपल्या अटींवर घेईल.

बहुतेकांना सरकारनं घेतलंही. सुमारे ७७ टक्के लोक त्याच वेतनश्रेणीत, २३ टक्के थोड्या खालच्या श्रेणीत, तरी हातात येणारा पगार कमी झाला नाही. नकार देणारे अवघे २४ च्या आसपास. मग भांडण कशाचं? भांडण मागच्या नोकरीचं. त्याच वर्षी कायद्यात नवी तरतूद आली होती: कामगार कपातीत काढला, तर नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार भरपाई. कामगार म्हणाले, कंपनीनं आम्हाला काढलंय, भरपाई द्या. कामगारांच्या बाजूनं के. एन. जोगळेकर आणि इतर उभे राहिले. मुंबई हायकोर्टात ते जिंकले, कंपनी सुप्रीम कोर्टात गेली.

२७ नोव्हेंबर १९५६ ला निकाल लागला, कामगारांच्या विरोधात. कोर्टाचं म्हणणं असं, की कपात म्हणजे चालू धंद्यातून जादा झालेली माणसं कमी करणं. धंदाच दुसऱ्याच्या हातात गेला तर ती कपात नव्हे, म्हणून भरपाई नाही.

पण गोष्ट तिथं थांबली नाही. पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, आधी वटहुकूम आणि मग कायदा करून औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती झाली. धंदा हस्तांतरित झाला तर वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला नोटीस आणि भरपाई द्यायची. त्यातून सुटायचं असेल तर तीन अटी: नोकरीत खंड नको, अटी आधीपेक्षा वाईट नकोत, आणि पुढं कधी काढायची वेळ आली तर जुनी वर्षं धरूनच नव्या मालकानं भरपाई द्यायची. बार्शी लाईटच्या कामगारांना हरल्यावर काही मिळालं नाही. मिळालं ते त्यांच्या मागून आलेल्या देशभरातल्या कामगारांना.

हे सगळं मी त्या मित्राला सांगितलं. गाड्यांबद्दलही सांगितलं, की किल्ली दिली म्हणजे गाडी गेली असं नाही. आरटीओत नाव बदलेपर्यंत अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीतल्या मालकावरच येते, हे सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. कर्ज असेल तर बँकेचा दाखला घेऊन बोजा आधी उतरवा. हे त्याला लगेच पटलं, कारण त्यात त्याचं स्वतःचं नुकसान होतं.

पोरांच्या बाबतीत जरा वेळ लागला. शेवटी यादीखाली सहा नावं आली, प्रत्येकाच्या पुढं कामाला लागल्याची तारीख, आणि खाली एक ओळ: ही वर्षं नवा मालक धरेल. घेणाऱ्याची सही अजून व्हायची आहे. बघू.

आणि एक विनंती. मिरजेत कुणाचे आजोबा-पणजोबा बार्शी लाईटला होते का? घरातल्या ट्रंकेत १९५३ ची ती नोटीस असेल, तर फेकू नका. फोटो काढून पाठवा.