कुहिलीचे बी

गोहलपुरात आमच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. सारी गल्ली त्यांना काका म्हणते. गेल्या नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यावर सही करताना त्यांचा हात असा थरथरला की, ती जुन्या सहीशी जुळेना. व्याधी पार्किन्सनची. कोणी तरी त्यांना केवांचाच्या बियांची पूड आणून दिली, आणि डॉक्टरांच्या गोळ्या आता सोडाव्या काय, असे त्यांनी आम्हांस विचारले. वैद्यकात आमची गती नाही. जुन्या कागदांचा नाद मात्र आहे. केवांच म्हणजे आपली कुहिली अथवा खाजकुइली, जिच्या शेंगेवरील कुसे अंगास लागली की खाज आवरत नाही.

१८१७ साली जबलपूर नागपूरकर भोसल्यांच्या हातून इंग्रजांकडे गेले. त्याच साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी या कंपरोगावरील निबंध प्रसिद्ध केला. आपल्याकडे माधवनिदानात ‘वेपथु’ आहे. चरकसंहितेत आत्मगुप्ता, म्हणजे हीच कुहिली, वाजीकरणाच्या योगांत येते. रोग आणि बी दोन्ही ग्रंथांत आहेत, तेव्हा पूर्वजांना सारे ठाऊक होते, असे आम्हीही एकदा काकांपुढे ऐटीत बोलून गेलो होतो. परंतु ज्या द्रव्यामुळे आज या बियांकडे पाहिले जाते, त्याचा शोध फार अलीकडचा आहे.

ते द्रव्य डोपा. १९१३ मध्ये गुगेनहाइम या रसायनज्ञाने ते बाकल्याच्या शेंगांतून वेगळे काढले, स्वतः गिळून पाहिले आणि ओकाऱ्या काढल्या! १९३७ साली मद्रासेस दामोदरन् व रामस्वामी यांनी तेच द्रव्य कुहिलीच्या बियांतून काढले. औषध अशा रीतीने हाती आले. ते कशावरचे, हे मात्र कोणास ठाऊक नव्हते. तशी वीस वर्षे गेली. १९५७ मध्ये स्वीडनच्या कार्लसन यांनी जनावरांवर डोपाचा प्रभाव दाखविला. १९६० मध्ये व्हिएन्नात कंपरोग्यांच्या मेंदूत डोपामिनाची उणीव आढळली, आणि पुढच्याच वर्षी तेथे रोग्यांस डोपा टोचून पाहण्यात आला. डोपामिन रक्तातून मेंदूत शिरत नाही, डोपा शिरतो व तेथे त्याचे डोपामिन होते, हे त्यातले मर्म. अमेरिकेत कोट्झियस यांनी १९६७ मध्ये तो मोठ्या मात्रेत पोटात दिला, तेव्हा कोठे उपचार रूढ झाला.

त्यानंतर दृष्टी पुन्हा बियांकडे वळली. मुंबईच्या डॉ. अशोक वैद्य व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली कुहिलीच्या उपचाराचे अनुभव छापले. २००४ मध्ये लंडनला आठ रोग्यांवर तुलना झाली; ३० ग्रॅम पुडीचा गुण नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर आला व अधिक वेळ टिकला. आठच रोगी, हे विसरता कामा नये. शिवाय गुण येणे निराळे आणि मेंदूतील पेशींचा ऱ्हास थांबणे निराळे. उंदरांवरील प्रयोगांत आशेच्या खुणा दिसल्या आहेत. वनस्पतीच्या अर्काने माणसाचे असे संरक्षण होते, हे अद्याप सिद्ध झालेले नाही.

काकांना आम्ही एवढेच सांगितले की, पुडीतही गोळीतलाच डोपा आहे, पण प्रत्येक बीत तो सारखा नसतो. गोळ्या आपल्या मनाने सोडू नयेत, आणि डॉक्टरांस न सांगता वर पूडही घेऊ नये. ते काहीसे खट्टू झाले. पुडी मात्र त्यांनी खिशात घातली, सोमवारी डॉक्टरांना दाखविण्याकरिता.