‘कॉटेज’ या नावाआड : अ‍ॅन हॅथवेच्या घराची वास्तुरचना आणि सामाजिक इतिहास

प्रस्तावना :
इंग्लंडमधील वॉरिकशायर परगण्यात, स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हनपासून सुमारे एक मैलावरील शॉटरी या ठिकाणी शेक्सपिअरची पत्नी अ‍ॅन हॅथवे हिचे माहेरघर आहे. गवती छप्पर, बाक असलेली लाकडे आणि दाराशी फुललेली बाग यांमुळे हे घर इंग्रजी ग्रामजीवनाचे प्रतीक मानले जाते. ‘अ‍ॅन हॅथवेचे कॉटेज’ या रूढ नावामुळे ती एखाद्या गरीब कुटुंबाची झोपडी असावी असा समज होतो. हा समज कितपत ग्राह्य आहे, हे वास्तूच्याच आधारे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

वास्तूची जडणघडण :
घराचा सर्वांत जुना भाग १४६३ च्या सुमाराचा असून त्याचा सांगाडा ‘क्रक’ पद्धतीचा आहे. या पद्धतीत नैसर्गिक बाक असलेले ओकचे लाकूड उभे चिरून त्याचे दोन जुळे भाग करीत आणि ते जोत्यापासून आढ्यापर्यंत एकमेकांकडे झुकवून जोडीत. छपराचा भार या जोड्याच पेलत असल्याने भिंती कुडाच्या चालत. विणलेल्या काटक्यांवर माती, शेण व पेंढा यांचा गिलावा दिला जाई. पेंढ्याचे छप्पर दगडी पाट्यांच्या मानाने हलके असते, त्यामुळे वासे सरळ व भारी नसले तरी भागत असे. मात्र पाणी न मुरता ओघळून जावे यासाठी छपराला सुमारे ५० अंशांचा उतार आवश्यक असे. वळचण पुढे काढल्याने पागोळ्या मातीच्या भिंतीपासून दूर पडत.

अशा मध्ययुगीन घरांत मुख्य दालन आढ्यापर्यंत उघडे असे. चूल जमिनीवर मध्यभागी पेटे आणि धूर छपरातून बाहेर पडे. विटांचे धुराडे आल्यावर दालनावर माळा घालणे आणि वर निजण्याच्या खोल्या काढणे शक्य झाले. १५७० ते १६४० या काळातील अशा व्यापक बदलांना इतिहासकार डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी १९५३ मध्ये ‘महान पुनर्बांधणी’ असे संबोधले. शॉटरीचे घरही याच काळात वाढत गेले.

कुळापासून मालकापर्यंत :
अ‍ॅनचे आजोबा जॉन हॅथवे येथे कूळ म्हणून राहत. या शेतघराचे जुने नाव ‘ह्यूलँड्स’ असून त्याला सुमारे ९० एकर जमीन जोडलेली होती. १५८१ मध्ये वडील रिचर्ड यांनी मृत्युपत्राद्वारे अ‍ॅनच्या लग्नासाठी ६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स ठेवले. भाऊ बार्थोलोम्यू याने १६१० मध्ये ही मालमत्ता विकत घेतली आणि घराचा मोठा विस्तार केला. आज तेथे बारा खोल्या आहेत. म्हणजेच वास्तूचा विस्तार आणि जमिनीवरील हक्क यांची वाढ परस्परांशी निगडित दिसते.

नावाचा प्रश्न :
१५८९ च्या कायद्याने नवे कॉटेज बांधताना त्यास किमान ४ एकर जमीन जोडणे बंधनकारक केले होते. तत्कालीन समाजात ‘कॉटेज’ म्हणजे अल्पभूधारक किंवा मजुराचे घर, हे यावरून स्पष्ट होते. ९० एकरांचे शेतघर त्या व्याख्येत बसत नाही. १७९५ मध्ये सॅम्युएल आयर्लंड यांनी आपल्या प्रवासग्रंथात या घराचे चित्र प्रसिद्ध केले आणि पुढे रम्य ‘कॉटेज’ ही प्रतिमा रूढ झाली. १८९२ मध्ये शेक्सपिअर जन्मस्थान न्यासाने ही वास्तू खरेदी केली. १९६९ च्या आगीत हानी झालेल्या छपराची पुनर्बांधणीही करण्यात आली. जतनाचे हे कार्य मोलाचे आहे. तथापि एकेकाळी जेथे जनावरांचा व शेतीकामाचा राबता होता, तेथे आज फुलबाग आहे आणि तीच प्राचीन असल्याचा भास पाहणाऱ्यास होतो.

निष्कर्ष :
गवती छप्पर हे दारिद्र्याचे लक्षण नव्हे. स्थानिक साहित्य व बांधकामाचे व्यवहारज्ञान यांचा तो परिपाक होता. सोळाव्या शतकातील खऱ्या मजुरांची तकलादू घरे बहुतांशी नष्ट झाली. टिकली ती सुस्थित शेतकऱ्यांची. अशा घराला गरिबाची झोपडी मानल्यास हॅथवे कुटुंबाच्या तीन पिढ्यांचे कर्तृत्व दृष्टिआड होतेच, शिवाय ज्यांची घरे उरली नाहीत त्यांचा अभावही आपल्या लक्षात येत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने म्हणूनच वास्तूच्या नावापूर्वी तिचे वासे, जोते आणि धुराडे वाचावयास हवे.