झारच्या आजीच्या पोटात

१८४७चा उन्हाळा. तुम्ही कोपनहेगनमध्ये एका पिवळ्या वाड्यासमोर उभे आहात. आत राहणारा राजपुत्र ख्रिश्चन डेन्मार्कचा राजा व्हायला अजून सोळा वर्षं आहेत. त्याची बायको लुईझ चौथ्यांदा गरोदर आहे. पोटात मुलगी आहे. तिचं नाव डागमार ठेवतील, पुढे ती रशियाची महाराणी होईल आणि तिचा थोरला मुलगा निकोलस हा शेवटचा झार. पण दिवाणखान्यात तुमचं काही काम नाही. लहान व्हा, केसाच्या जाडीहूनही लहान, आणि आत चला.

गर्भाला पाचवा महिना लागला आहे. डागमार अजून जन्मलेली नाही, पण तिची अंडाशयं तयार आहेत आणि त्यांत साठ-सत्तर लाख बीजपेशी दाटीवाटीनं बसल्या आहेत. याहून जास्त त्या पुन्हा कधीच नसतील. जन्मापर्यंत त्यातल्या दहा-वीस लाख उरतील, वयात येईतो तीन-चार लाख. त्यांतल्याच एका पेशीतून एकवीस वर्षांनी निकोलस जन्मेल. म्हणजे तुम्ही आत्ता झारच्या आजीच्या पोटात उभे राहून झार ज्यातून होणार ती पेशी पाहता आहात. या एका वस्तुस्थितीपुढे मी दरवेळी थबकतो. तीन पिढ्या एका देहात असतात, आणि बाहेर कोणाला पत्ता नसतो.

एका पेशीच्या आत शिरा. मधोमध केंद्रक आहे, त्याला बाजूला ठेवा. त्याच्या शेजारी गोळा होऊन बसलेल्या त्या तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया. पेशीला लागणारी ऊर्जा पुढे याच पुरवतील. प्रत्येकीजवळ स्वतःचा वेगळा डीएनए आहे, गोल कड्यासारखा मिटलेला: १६,५६९ अक्षरं, ३७ जनुकं. आत्ता मात्र इथे कमालीची शांतता आहे. बार्सिलोनातल्या संशोधकांनी २०२२ साली दाखवलं की विश्रांतीतल्या या बीजपेशी ऊर्जानिर्मितीच्या साखळीतला पहिलाच मोठा प्रथिनसमूह बनवत नाहीत. तो चालू असता तर पेशीला इजा करणारी ऑक्सिजनची उपद्रवी संयुगं तयार झाली असती. वीस-तीस वर्षं वाट पाहायची असेल तर स्वतःला असं जपावंच लागतं.

आता कडं उलगडा आणि १६,१६९व्या अक्षरावर बोट ठेवा. काही कड्यांत तिथे ‘सी’ आहे, काहींत ‘टी’. लुईझची आणखी एक मुलगी, इंग्लंडची राणी झालेली अलेक्झांड्रा, तिच्या वंशात पुढे तपासणी झाली तेव्हा फक्त टी सापडला. त्यामुळे सी बहुधा डागमारच्याच फांदीवर उगवला असावा. या अक्षरानं कोणाला आजार होत नाही, कोणाचं काही बिघडत नाही. ते फक्त आहे.

आणखी काही आठवडे मागे सरका. गर्भ इवलासा आहे. ज्यांच्यापासून पुढे बीजपेशी होणार त्या मूळ पेशी मोजक्याच आहेत आणि आपल्या जागेकडे निघाल्या आहेत. इथे पाहण्यासारखी गोष्ट घडते. पिकलेल्या स्त्रीबीजात तंतुकणिकांच्या डीएनएच्या लाखभर किंवा त्याहून जास्त प्रती असतात. फलन झाल्यावर गर्भ रुजेपर्यंत नव्या प्रती जवळजवळ होतच नाहीत. आहेत त्याच नव्या पेशींत वाटल्या जातात आणि या मूळ पेशींच्या वाट्याला शेकड्यांनी, फार तर हजार-दीड हजार येतात. ज्वारी-बाजरी मिसळलेल्या पोत्यातून चिमूटभर दाणे उचलले तर एका चिमटीत ज्वारी जास्त येते, दुसरीत बाजरी; तसंच इथे. मग त्या थोड्यांचेच पुन्हा लाख होतात. एकाच अंडाशयात शेजारी शेजारी बसलेल्या दोन बीजांत सी आणि टीचं प्रमाण त्यामुळे वेगळं पडतं. आई एकच, पण प्रत्येक मुलाला मिळणारा वाटा निराळा.

१८६७. डागमार आता रशियाच्या युवराजाची बायको आहे. तिच्या एका बीजात शुक्रपेशी शिरते आहे. शुक्रपेशीच्या मानेभोवतीही तंतुकणिका गुंडाळलेल्या आहेत, शंभरेक असतील नसतील. त्यांनी इथवरचं पोहणं निभावलं. आत येताच बीज त्यांना ओळखतं आणि थोड्याच काळात त्यांची विल्हेवाट लावून टाकतं. रोमानोव्ह घराण्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा मोठेपणा या दारातून आत जात नाही. १८ मे १८६८ला निकोलस जन्मतो, १८७१ साली धाकटा जॉर्ज, १८७५ साली बहीण झेनिया. जॉर्ज क्षयानं १८९९ साली जातो आणि सेंट पीटर्सबर्गच्या किल्ल्यातल्या चर्चमध्ये त्याचं दफन होतं.

१९१८च्या जुलैतली ती रात्र लवकर ओलांडा. येकातेरिनबर्गच्या एका तळघरात झार, त्याची बायको, पाच मुलं आणि चार सेवक मारले जातात. देहांवर आम्ल ओतलं जातं.

१९९१ साली त्याच शहराबाहेरच्या जुन्या रस्त्याखालचा खड्डा अधिकृतपणे उघडला जातो. तुम्ही काठावर उभे आहात. आत नऊ सांगाडे; दोन मुलं त्यांत नाहीत. हाडं इतकी झिजलेली की पेशीत दोनच प्रती असणाऱ्या केंद्रकातल्या डीएनएवर एकट्यावर विसंबता येत नाही. तंतुकणिकांच्या प्रती मात्र प्रत्येक पेशीत शेकड्यांनी होत्या, त्यातल्या काही टिकल्या. हाडांचे नमुने इंग्लंडला जातात. झारची बायको आणि तिच्या तीन मुली ब्रिटनच्या प्रिन्स फिलिपशी जुळतात, कारण फिलिपच्या आईची आई ही झारच्या बायकोची सख्खी बहीण. झारच्या हाडात मात्र १६,१६९व्या जागी अडखळायला होतं: तिथे सी आणि टी दोन्ही, एकावर एक चढलेले, सी जास्त. झेनियाच्या पणतीकडे फक्त टी. १९९४ साली निष्कर्ष छापून येतो आणि शंका घेणारे पुढे येतात. नमुन्यात भेसळ झाली असेल, हा झारच नसेल.

जुलै १९९४. किल्ल्यातल्या चर्चमध्ये जॉर्जची कबर उघडतात. त्याच्या हाडाचा नमुना अमेरिकी सैन्यदलाच्या डीएनए प्रयोगशाळेत पोचतो. तुम्ही आलेखावर वाकून पाहा. तीच जागा, तेच दोन उंचवटे. फक्त इथे टी जास्त. दोन भावांत हे दुर्मीळ मिश्रण सापडणं आणि प्रमाण उलटसुलट असणं, याहून भक्कम पुरावा मागायचा तरी कसा? १९९६ साली तो प्रसिद्ध होतो. १८४७ साली अजन्म्या डागमारच्या अंडाशयात झालेली वाटणी दीडशे वर्षांनी तिच्या मुलाची ओळख पटवते. निकोलसच्या पाच मुलांत मात्र ती खूण नाही. त्यांना तंतुकणिका आईकडून, म्हणजे झारच्या बायकोकडून आल्या. डागमारची माळ झेनिया आणि तिच्या मुलीमधून पुढे गेली.

आता वर्ष आणि घर तुमचं घ्या. तुमची आई आजीच्या पोटात आहे, पाचवा महिना. तुम्ही ज्या बीजातून झालात ते तिथे आहे, आणि वाटणी झालेली आहे. तुमच्या आजीनं काय खाल्लं, कोणाचा शब्द मोडला, यानं ती ठरलेली नाही. मी हे मुद्दाम म्हणतो, कारण सी-टीसारख्या निरुपद्रवी बदलाऐवजी कधी आजार देणारा बदल असतो. १९८८ साली तंतुकणिकांच्या डीएनएतला एका अक्षराचा असा पहिला बदल सापडला, तो तरुणपणी नजर जाण्याशी जोडलेला. अशा बदलांपैकी अनेकांत आईकडे त्याचं प्रमाण थोडं असतं, ती ठणठणीत असते. एक मूलही ठणठणीत, दुसऱ्याच्या वाट्याला ते जास्त येतं आणि स्नायू, मेंदू, हृदय थकत जातं. अशा बाईला घरातून बोल लावणारे लोक मी पाहिले आहेत. तो बोल अन्यायाचा आहे, त्याला शास्त्राचा काडीचा आधार नाही. ब्रिटननं २०१५ साली आईच्या बीजातलं केंद्रक दुसऱ्या स्त्रीच्या निरोगी तंतुकणिका असलेल्या बीजात ठेवायला कायद्यानं परवानगी दिली आणि २०२५ साली न्यूकॅसलमधून अशी आठ मुलं जन्मल्याचं जाहीर झालं.

आपल्या कुलवृत्तांतांत ही माळ शोधू नका, ती तिथे नाही. तिथे बापाकडून मुलाकडे जाणारी नावं आहेत. मुलगी लग्न होऊन गेली की ओळ संपते, आणि सासरी तर तिचं नावही बदललेलं असतं. म्हणून आईला, मावशीला, आजी असेल तर तिला विचारा. आईच्या आईचं, तिच्या आईचं माहेरचं नाव, गाव, किती भावंडं, कोण लवकर गेलं, कोणाची नजर गेली, कोणाचे स्नायू दुर्बळ झाले, हे कागदावर उतरवा. आईच्या बाजूला असा आजार दिसला, तर जनुकीय समुपदेशकाकडे जाताना तो कागद सोबत न्या.