निग्रोधमिगजातक आणि भारतीय ॲनिमेशनची पहिली पिढी

जातककथांच्या प्रसाराचा इतिहास लिहिताना आपण पाली अट्ठकथा, स्तूपांची वेदिका, अजिंठ्याची भित्तिचित्रे आणि सिंहल-ब्रह्मदेशातील लोकपरंपरा यांचा विचार करतो. विसाव्या शतकात जातकाने स्वीकारलेल्या एका नव्या माध्यमाचा उल्लेख मात्र आपल्या चर्चेत क्वचितच येतो. फिल्म्स डिव्हिजन या भारत सरकारच्या चित्रपट संस्थेने १९५७ साली मुंबईत ‘द बनियन डिअर’ नावाचा एक लघुपट पूर्ण केला. चित्रांना गती देण्याच्या कलेचे, म्हणजे ॲनिमेशनचे, रीतसर शिक्षण घेतलेल्या भारतीय कलावंतांच्या पहिल्या तुकडीची ही पहिली कृती होय. तिचा विषय होता जातकट्ठकथेतील बारावी कथा, निग्रोधमिगजातक. या लघुपटापूर्वी चार दशके महाराष्ट्रात असे प्रयोग होत होते. तरीही त्यांतून कलावंतांची पिढी उभी राहिली नाही. ती १९५६ नंतरच का उभी राहिली आणि तिच्या आरंभी हीच कथा असण्यात आपल्यासाठी कोणता बोध आहे, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

सातारा-सांगली भागातील वाचकांनी हा विषय परका मानण्याचे कारण नाही. चित्ररूप जातकाशी या भूमीचा संबंध फार जुना आहे. मध्य भारतातील भारहुत येथील स्तूपाचे अवशेष १८७३ साली अलेक्झांडर कनिंगहॅम यांना आढळले. त्याच्या वेदिकेवर जातकांची शिल्पे असून अनेकांखाली कथेचे नावही कोरलेले आहे. याच स्तूपावरील एका दानलेखात ‘करहकट’ निगमाच्या दानाची नोंद आहे. अभ्यासकांनी करहकट म्हणजे आजच्या सातारा जिल्ह्यातील कऱ्हाड असे निश्चित केले आहे. कऱ्हाडजवळच्या आगाशिव डोंगरात साठांहून अधिक बौद्ध लेणी आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे या दानामागील श्रद्धेची कल्पना येते. दोन हजार वर्षांपूर्वी कृष्णा-कोयनेच्या संगमावरील एका व्यापारी गावाने शेकडो कोस दूरच्या स्तूपासाठी सामुदायिक दान दिले आणि त्या स्तूपावर जातके कोरली गेली. तेथील ‘इसिमिगो जातक’ असा नामलेख असलेल्या शिल्पाची ओळख अभ्यासक निग्रोधमिगजातकाशीच पटवितात.

भारहुतच्या शिल्पकारापुढे एक अडचण होती. कथा काळात पुढे सरकते, दगड स्थिर असतो. रुरुमृगाच्या कथेचे वर्तुळाकार शिल्प पाहिले तर त्याने काढलेला मार्ग दिसतो. खाली नदीतून माणसाला वाचविणारे हरिण, वर त्याच हरणावर बाण रोखणारा राजा आणि मध्ये त्याच्यापुढे हात जोडून उभा असलेला तोच राजा, असे तीन प्रसंग एकाच वर्तुळात आहेत. प्रेक्षकाची नजर फिरते आणि कथा पुढे जाते. यावरून भारहुतला प्राचीन ॲनिमेशन म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. परंतु स्थिर आकृतीतून काळ कसा दाखवावा हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे, एवढे निःसंशय म्हणता येते.

निर्जीव आकृती हलविण्याची हौसही या भागाला नवी नव्हती. १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर करून मराठी रंगभूमीचा आरंभ करणाऱ्या विष्णुदास भावे यांनी लाकडी बाहुल्याही घडविल्या होत्या. रामदास पाध्ये यांनी त्या अलीकडच्या काळात पुन्हा चालत्या केल्या. तत्कालीन औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. अजिंठ्याच्या चित्र-शिल्पांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९३२ साली प्रसिद्ध झाला. कथा, चित्र आणि चालती आकृती हे तिन्ही घटक येथे होते. त्यांना एकत्र आणणारे यंत्र आले ते चित्रपटाच्या रूपाने.

महाराष्ट्रात या यंत्राचा असा उपयोग प्रथम दादासाहेब फाळके यांनी केला. १९१२ साली त्यांनी वाटाण्याचे बी कुंडीत लावले आणि त्याची वाढ दिवसामागून दिवस थोडी थोडी टिपली. पडद्यावर बीचे रोप क्षणांत होताना दिसले आणि ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल मिळविणे त्यांना सुकर झाले. पुढे १९१५ च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात त्यांनी काड्यापेटीतील काड्या एकेक चौकट टिपून चालविल्या. फ्रान्समध्ये एमिल कोल यांचा ‘फँटास्मागोरी’ १९०८ साली आला होता, हे पाहता फाळके काळाच्या फार मागे नव्हते. बोलपटाच्या काळात, १९३४ साली, कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सचा ‘द पी ब्रदर्स’ चित्रगृहात झळकला. त्याच वर्षी पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीत रघुनाथ केळकर यांनी ‘जंबूकाका’ हा व्यंगपट केला. जंबुक म्हणजे कोल्हा. जातकसंग्रहातही जंबुकजातक आहे, हे वाचकांना ठाऊक असेलच. १९३९ साली जी. के. गोखले यांचा ‘सुपरमॅन्स मिथ’ आला.

कर्तृत्वाची ही नावे असूनही परंपरा का निर्माण झाली नाही? याचे उत्तर या कलेच्या गणितात आहे. पडद्यावर एका सेकंदात २४ चौकटी सरकतात. म्हणजे एका मिनिटाला १,४४० चौकटी लागतात. एक चित्र दोन चौकटींसाठी वापरले तरी मिनिटाला ७२० आणि दहा मिनिटांना ७,२०० चित्रे काढावी लागतात. मुख्य अवस्थांची चित्रे एकाने काढायची, त्यांच्या मधल्या अवस्था दुसऱ्याने भरायच्या, पारदर्शक सेल्युलॉइडवर त्या उतरवून मागील बाजूने रंग द्यायचे, पार्श्वभूमी वेगळ्या हाताने रंगवायची आणि शेवटी एकेक चौकट कॅमेऱ्याने टिपायची, असे हे काम आहे. एकटा प्रतिभावंत जिद्दीने एखादा लघुपट पुरा करू शकतो. पण खासगी कंपनीला कथापटाच्या तुलनेत त्यातून उत्पन्न नगण्य. त्यामुळे प्रयोग संपला की हात विखुरले जात आणि त्या हातांतील ज्ञानही त्यांच्याबरोबर जाई.

पाली वाङ्मयाच्या अभ्यासकाला ही स्थिती सहज कळेल. तिपिटक लेखनबद्ध होण्यापूर्वी ते टिकले ते दीघभाणक, मज्झिमभाणक, जातकभाणक अशा पाठकांच्या समूहांमुळे. एकाच्या स्मृतीवर ते सोपविले गेले असते तर त्याच्याबरोबरच लोपले असते. आचरियपरंपरेला व्यक्तीपेक्षा मोठे असे स्थान लागते. ॲनिमेशनला असे स्थान १९५६ साली मिळाले. १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनने मुंबईत व्यंगपटांचा स्वतंत्र विभाग काढला आणि अमेरिकेच्या तांत्रिक सहकार्य योजनेतून क्लेअर वीक्स यांना शिक्षक म्हणून पाचारण केले. भारतात मिशनरी कुटुंबात जन्मलेले वीक्स डिस्नेच्या संस्थेत अनेक वर्षे काम केलेले कलावंत होते. हरणाच्या पाडसाची कथा सांगणाऱ्या ‘बँबी’ (१९४२) या चित्रपटातही त्यांचा हात होता. त्यांच्या हाताखाली भारतीय तरुणांची एक तुकडी शिकली आणि शिकता शिकताच तिने ‘द बनियन डिअर’ घडविला.

१९५६ हे वर्ष आपल्या दृष्टीने साधे नाही. त्या वर्षी देशाने भगवान बुद्धांच्या महापरिनिर्वाणाची २,५०० वर्षे साजरी केली. १४ ऑक्टोबरला नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली. राजबन्स खन्ना यांचा ‘गोतम द बुद्ध’ हा अनुबोधपट याच सुमारास झाला. शिल्पे आणि चित्रे यांतूनच बुद्धचरित्र सांगणाऱ्या या पटाचा १९५७ च्या कान महोत्सवात विशेष उल्लेख झाला. घटना एका वर्षात घडल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. तथापि त्या काळी बुद्धाचे नाव आणि जातकाची कथा सार्वजनिक जीवनाच्या मध्यभागी आली होती, हे यावरून स्पष्ट होते.

आता कथेकडे वळू. वाराणसीच्या राजाला रोज मांस लागे. प्रजेने हरणांचे दोन कळप एका उद्यानात कोंडले. एकाचा नायक निग्रोध, दुसऱ्याचा साख. रोजच्या शिकारीत अनेक हरणे जखमी होतात म्हणून दोन्ही कळपांनी पाळी ठरविली. पाळी येईल त्या हरणाने धम्मगण्डिकेवर, म्हणजे वधाच्या ठोकळ्यावर, स्वतः मान ठेवावी. एके दिवशी साखाच्या कळपातील गाभण हरिणीची पाळी आली. पाडस जन्मल्यावर आम्ही दोघे आपापल्या पाळीला येऊ, अशी विनंती तिने केली. तुझी पाळी दुसऱ्यावर टाकता येणार नाही, असे म्हणून साखाने तिला परत पाठविले. निग्रोधाने तिला अभय दिले आणि स्वतः जाऊन ठोकळ्यावर मान ठेवली. राजा चकित झाला. त्याने दोघांना अभय देऊ केले. पण निग्रोध तेवढ्यावर उठला नाही. उरलेली हरणे, इतर चतुष्पाद, पक्षी आणि मासे या सर्वांसाठी त्याने अभय मागून घेतले.

या कथेला केवळ भूतदयेची कथा म्हणणे अपुरे होईल. पाळीची पद्धत नीटनेटकी होती. तिच्यात पक्षपात नव्हता, गोंधळही नव्हता. साखाने नियमाचे तंतोतंत पालन केले. तरीही ती व्यवस्था अन्यायाची होती. कारण तिने वध थांबविला नव्हता, फक्त त्याला शिस्त लावली होती. निग्रोधाने एका हरिणीचा जीव वाचवून समाधान मानले नाही, पाळीच बंद करविली. व्यवस्थित चाललेला अन्याय पिढ्यान् पिढ्या सोसलेल्या समाजाला हा भेद समजावून सांगावा लागत नाही. अट्ठकथेतील पच्चुप्पन्नवत्थुही याच सूत्राचे आहे. कुमारकस्सपाची माता प्रव्रज्येनंतर गरोदर असल्याचे दिसताच देवदत्ताने चौकशीविना तिला घालवून दिले. बुद्धांनी मात्र प्रकरण उपालीकडे सोपविले, विशाखेकडून तपासणी करविली आणि गर्भ प्रव्रज्येपूर्वीचा असल्याचे सिद्ध झाल्यावर तिला निर्दोष ठरविले. समोधानात देवदत्त म्हणजे साख आणि ती माता म्हणजे हरिणी, असा मेळ घातला आहे. करुणेबरोबर चौकशीचा आग्रह हा या जातकाचा अर्धा भाग होय. बालकांसाठी कथा सांगताना तो गाळला जाऊ नये.

या विभागातून जी पिढी निघाली तिचा विस्तार पाहण्याजोगा आहे. १९५६ साली तेथे दाखल झालेले राम मोहन (१९३१–२०१९) पुढे स्वतः अनेकांचे गुरू झाले. १९७२ साली त्यांनी स्वतःची संस्था काढली; ‘भुवन शोम’ आणि ‘शतरंज के खिलाडी’ या चित्रपटांतील ॲनिमेशन त्यांचेच. युनिसेफसाठी त्यांनी घडविलेली मीना ही मुलगी शिक्षणाचा हक्क मागणारी म्हणून दक्षिण आशियात घरोघरी पोहोचली. २०१४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९६१ साली पार्श्वभूमी रंगविण्याच्या कामावर आलेले भीमसेन राम मोहन यांच्याकडे ॲनिमेशन शिकले आणि १९७० साली त्यांनी ‘द क्लाइंब’ केला. प्रमोद पती यांनी प्रायोगिक पटांची वाट धरली. जी. के. गोखले यांच्यासारख्या आधीच्या काळातील कलावंताचे नावही या विभागाशी जोडले गेले. एकाकी प्रयोगांचा प्रवाह असा संस्थेला येऊन मिळाला.

१९७४ साली विजया मुळे यांनी केलेला ‘एक अनेक और एकता’ हा लघुपट दूरदर्शनमुळे सर्वांच्या परिचयाचा झाला. त्याचे ॲनिमेशन भीमसेन यांचे. जाळ्यासह एकजुटीने उडणाऱ्या पक्ष्यांची ही कथा पाहताना सम्मोदमानजातकाची आठवण येते. तेथे लावे पक्षी एकदिलाने जाळे उचलतात. मात्र पुढे आपसात भांडतात आणि पारध्याच्या हाती सापडतात. लघुपटाने ऐक्याचा आनंद सांगितला, जातकाने त्यापुढचा इशाराही दिला आहे. चळवळीतील कार्यकर्त्यांना दोन्ही भाग पाठ असलेले बरे.

आता सांप्रतचा प्रश्न. फिल्म्स डिव्हिजनचे कार्य २०२२ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आले. पहिली पिढी घडली ती पगार देऊन शिकविणाऱ्या सार्वजनिक विभागात. आज संगणकामुळे ७,२०० कागद रंगविण्याचे कष्ट कमी झाले असले, तरी या कलेचे शिक्षण बव्हंशी महागडे शुल्क घेणाऱ्या खासगी वर्गांतून मिळते. जत, आटपाडी, खटाव किंवा माण तालुक्यातील हुशार मुलीने चित्रे कितीही चांगली काढली, तरी हे दार तिला उघडे आहे काय? १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले येथे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था काढली, ती असाच प्रश्न अक्षरज्ञानाबाबत विचारून. चालत्या चित्रांच्या ज्ञानाबाबत तो आता विचारावा लागेल.

आपले विहार, वसतिगृहे आणि शिक्षणसंस्था यांनी या दृष्टीने दोन कामे हाती घ्यावीत. पाली जाणणारे आणि चित्रे काढणारे यांना एकत्र बसवून जातकांच्या पटकथा तयार कराव्यात. त्यांत पच्चुप्पन्नवत्थु आणि समोधान यांना स्थान असावे. दुसरे, होतकरू मुलामुलींच्या प्रशिक्षणाचा खर्च समाजाने सामुदायिक दानातून उचलावा. कऱ्हाडच्या निगमाने भारहुतला दान दिले तेव्हा तेथील शिल्प कोण पाहील याचा हिशेब मांडला नव्हता. त्या दानाची नोंद आजही वाचता येते.