धंद्याचं गुपित चोरीला गेलं, तर नुकसानीचा आकडा ठरतो कसा?

एप्रिल २०१६. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या एका ज्युरीने निकाल दिला: टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस, म्हणजे आपल्या टीसीएसने, एपिक सिस्टिम्स या कंपनीला ९४ कोटी डॉलर द्यावेत. आरोप होता व्यापारी गुपितं चोरल्याचा. पुढे सात वर्षं कोर्टकचेऱ्या चालल्या आणि शेवटी आकडा २८ कोटी डॉलरवर आला. गुपितं तीच, पुरावे तेच. मग मधले ६६ कोटी डॉलर गेले कुठे?

याचं उत्तर गुपितांत नाही, हिशोबाच्या पद्धतीत आहे.

दुकानाच्या गल्ल्यातून दहा हजार गेले, तर नुकसान दहा हजारांचं. गुपिताचं तसं नसतं. मसाल्याचं प्रमाण, सॉफ्टवेअरचा कोड, कोणत्या डीलरला किती सूट याची यादी, यांतलं काहीही चोरीला गेलं तरी मूळ प्रत मालकाच्या कपाटात तशीच राहते. जातं ते फक्त 'हे आपल्यालाच माहीत आहे' हे वर्चस्व. त्याची किंमत कुठल्याच पावतीवर लिहिलेली नसते. म्हणून कोर्टं वळसा घेऊन तिथे पोचतात. मालकाचा किती नफा बुडाला? चोराचा किती खर्च वाचला? की हीच माहिती रीतसर विकत घेतली असती, तर किती पैसे पडले असते? प्रश्न बदलला की आकडा बदलतो.

बुडालेला नफा: विक्रीतली घट म्हणजे नुकसान नव्हे

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कोल्हापुरातला एक मसाला उत्पादक महिन्याला ५० लाखांचा माल विकतो. त्याचा मॅनेजर नोकरी सोडतो आणि जाताना मसाल्याचं प्रमाण व डीलरांची दरयादी घेऊन स्पर्धकाकडे रुजू होतो. काही महिन्यांत विक्री ३८ लाखांवर येते. मालक म्हणतो, महिन्याला १२ लाख गेले, दीड वर्षाचे २ कोटी १६ लाख द्या.

पहिली कात्री इथेच लागते. १२ लाखांचा माल विकला गेला नाही, म्हणजे तेवढी मिरची, धणे, पॅकिंग आणि टेम्पोचं भाडंही वाचलं. समजा, १०० रुपयांच्या विक्रीमागे असा खर्च ६५ रुपये होता. मग खरा बुडालेला नफा महिन्याला ४ लाख २० हजार. जागेचं भाडं आणि कायम कामगारांचे पगार मात्र वजा करायचे नाहीत, कारण विक्री घटली म्हणून ते कमी झालेले नाहीत. दोन्ही बाजूंच्या हिशोबतज्ज्ञांचं सगळ्यात जास्त भांडण याच ठिकाणी होतं: कोणता खर्च वाचला आणि कोणता नाही.

दुसरी कात्री कारणाची. त्याच काळात मिरची महागली असेल, एखाद्या मोठ्या ब्रँडने पाच रुपयांचं पाकीट काढलं असेल, दोन डीलर आधीच सोडून गेले असतील. त्यामुळे चोरलेल्या यादीतले नेमके कोणते डीलर स्पर्धकाकडे गेले, हे पाहावं लागतं. ज्या जिल्ह्यांत स्पर्धक माल विकतच नाही, तिथेही आपली विक्री पडली का, हेही तपासावं लागतं. पडली असेल, तर तेवढी घट चोरीमुळे नाही. समजा, १२ पैकी ८ लाखांची घटच चोरीशी जोडता आली. मग महिन्याचा नफा उरला २ लाख ८० हजार.

तिसरा प्रश्न, किती दिवसांचं? मालकाला वाटतं, कायमचं. पण स्पर्धकाने स्वतः प्रयोग करून ते प्रमाण १८ महिन्यांत शोधलं असतं असं धरलं, तर चोरीमुळे त्याला मिळाली ती फक्त १८ महिन्यांची आघाडी. तेवढ्याच काळाची भरपाई: ५० लाख ४० हजार. मागितले होते २ कोटी १६ लाख.

उलटा धोकाही असतो. काही मालक ग्राहक टिकवायला भाव पाडतात, विक्रीचा आकडा तसाच राहतो आणि नुकसान झालंच नाही असं दिसतं. खरं तर पाकिटामागे ५ रुपये भाव कमी केला, तर ते ५ रुपये सरळ नफ्यातूनच जातात, कारण खर्च एक पैसाही घटत नाही. जुनी दरपत्रकं जपून ठेवलेली नसतील, तर हे नुकसान दाखवता येत नाही.

कारण जोडणं किती महत्त्वाचं, हे अ‍ॅपियन विरुद्ध पेगासिस्टिम्स खटल्यात दिसलं. २०२२ मध्ये व्हर्जिनियातल्या ज्युरीने २०० कोटी डॉलरहून जास्त भरपाई दिली. २०२४ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने तो निकाल रद्द केला. मोठं कारण हे, की अ‍ॅपियनने पेगाच्या एकूण विक्रीचा आकडा पुढे ठेवला आणि यातली कोणती विक्री गुपितांमुळे झालेली नाही हे दाखवायचं ओझं पेगावर टाकलं गेलं होतं.

चोराचा वाचलेला खर्च: दोन खटले, दोन उलट निकाल

आता टीसीएसकडे परत येऊ. एपिक रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर बनवते. कायझर पर्मनेंटे ही तिची मोठी ग्राहक, आणि कायझरसाठी त्या सॉफ्टवेअरचं काम टीसीएस करत होती. एपिकच्या ग्राहकांसाठी असलेल्या पोर्टलवर टीसीएसच्या एका कर्मचाऱ्याने आपण कायझरचेच असल्याचं दाखवून प्रवेश मिळवला. त्या लॉगिनवरून दीड हजारांहून जास्त वेगवेगळी कागदपत्रं उतरवली गेली. टीसीएसचं स्वतःचं 'मेड मंत्रा' नावाचं रुग्णालय सॉफ्टवेअर होतं, आणि एपिकशी त्याची तुलना करणारा एक तक्ता कोर्टात कळीचा ठरला. आपल्या सॉफ्टवेअरसाठी ही माहिती वापरल्याचं टीसीएसने नाकारलं.

एपिकने आमचे ग्राहक गेले, असा हिशोब मांडलाच नाही. तिचं म्हणणं होतं, ही माहिती स्वतः तयार करायला टीसीएसला जो संशोधनाचा खर्च आला असता तो वाचला, तोच आम्हाला द्या. ज्युरीने २४ कोटी भरपाई आणि ७० कोटी दंडात्मक रक्कम दिली. न्यायाधीशांनी २४ मधले १० कोटी काढून टाकले, कारण तुलनेच्या तक्त्यापलीकडे झालेल्या वापराचा हिशोब अंदाजावर उभा होता. उरले १४ कोटी. विस्कॉन्सिनच्या कायद्यात दंडात्मक रक्कम भरपाईच्या दुपटीपेक्षा जास्त देता येत नाही, म्हणून ७० चे २८ झाले. २०२० मध्ये अपील न्यायालयाने तेही जास्त ठरवून १४ वर आणले. १४ अधिक १४, २८ कोटी. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टीसीएसची याचिका ऐकायला नकार दिला आणि कंपनीने त्या तिमाहीच्या हिशोबात ९५८ कोटी रुपयांचा खर्च दाखवला.

म्हणजे ६६ पैकी ५६ कोटी डॉलर दंडाच्या रकमेतून गेले. बातम्यांच्या मथळ्यात भरपाई आणि दंड एकत्र करून आकडा येतो, म्हणून तो वाचताना आधी फोड करून पाहावी.

याच पद्धतीचा उलट निकाल सिंटेल कंपनीच्या बाबतीत लागला. मुख्यालय मिशिगनमध्ये, पण पुण्यातल्या अनेक घरांत हे नाव ओळखीचं आहे. कॉग्निझंटच्या मालकीच्या ट्रायझेटो कंपनीचं 'फॅसेट्स' हे आरोग्य विम्याचं सॉफ्टवेअर. सिंटेल आधी त्याच कामात तिची भागीदार होती, मग स्पर्धक झाली. २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या ज्युरीने सिंटेलचा वाचलेला विकासखर्च २८ कोटी ४९ लाख डॉलर धरला. त्याच गुपितांची वाजवी रॉयल्टी त्याच ज्युरीने काढली १४ कोटी २४ लाख. आणि ट्रायझेटोचा प्रत्यक्ष बुडालेला नफा? सुमारे ८५ लाख डॉलर.

एकाच चोरीचे हे तीन आकडे. सगळ्यात मोठा सगळ्यात लहानाच्या तेहेतीसपटीहून जास्त.

२०२३ मध्ये अपील न्यायालयाने केंद्रीय कायद्याखाली दिलेली २८ कोटी ४९ लाखांची रक्कम रद्द केली. युक्तिवाद असा: गुपित जगजाहीर झालेलं नाही, ट्रायझेटो अजून त्याच सॉफ्टवेअरवर पैसे कमावते आहे आणि सिंटेलला वापरावर कायमची बंदी आहे. मग बुडालेल्या नफ्यापलीकडे नुकसान उरलं कुठे? मला हा निकाल जास्त पटतो, पण त्याचा एक कोपरा बोचतो: लवकर पकडला गेलेल्या चोराला वाचवलेला खर्च परत करावा लागत नाही.

रॉयल्टीची पद्धत सहसा बाकी दोन्ही जमत नसतील तेव्हा वापरतात. दोघं टेबलावर बसून सौदा करत आहेत अशी कल्पना करायची आणि कोणती रक्कम ठरली असती ते काढायचं. आणि एकच नुकसान दोनदा मोजता येत नाही: बुडालेल्या नफ्यात जे आलं, ते चोराच्या फायद्यात पुन्हा धरायचं नाही.

भारतात काय?

आपल्याकडे व्यापारी गुपितांसाठी वेगळा कायदा नाही. विधी आयोगाने मार्च २०२४ मध्ये २८९ व्या अहवालात अशा कायद्याचा मसुदा सुचवला. आज आधार आहे तो करार, आणि विश्वासाने दिलेल्या माहितीचा गैरवापर रोखणारी न्यायालयीन तत्त्वं. मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल प्रकरणात एका मालिकेच्या संकल्पनेलाही असं संरक्षण दिलं. पण ते मनाई हुकमाच्या रूपात. आपल्याकडे बहुतेक लढाई मनाईसाठीच होते.

भरपाई मागायची, तर १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७३ लागतं: करार मोडल्यामुळे स्वाभाविकपणे झालेलं नुकसान मिळतं, दूरचं आणि अप्रत्यक्ष मिळत नाही. नोकरीच्या करारात 'माहिती फोडल्यास ५० लाख दंड' असं लिहिलेलं असलं, तरी कलम ७४ नुसार ती फक्त वरची मर्यादा असते. कोर्ट त्याच्या आत वाजवी वाटेल तेवढंच देतं.

म्हणून संशय आल्यावर पहिलं काम वकिलाच्या नोटिशीचं नाही. सोडून गेलेल्या माणसाचा लॅपटॉप पुसून नव्या माणसाला देऊ नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश किंमत नोंदवावी लागते, त्यामुळे डिस्कची प्रत तज्ज्ञाकडून काढून घ्या. सोबत चोरीआधीच्या दोन-तीन वर्षांची डीलरनिहाय विक्री, दरपत्रकं आणि कोणता ग्राहक कोणत्या तारखेला तुटला याची नोंद बाजूला काढून ठेवा. वरच्या उदाहरणातले १२ चे ८ लाख कसे झाले, हे फक्त त्याच कागदांवरून दाखवता येतं.