वांग्यातली अळी

यंदा आयुष्यात प्रथमच परसात वांगी लावली. चारच रोपे. जांभळी फुले आली तेव्हा घरभर सांगत सुटलो. पुढच्याच आठवड्यात शेंड्यांनी माना टाकल्या. एक शेंडा चिरला, तर आत गुलाबी अळी! ही शेंडा व फळ पोखरणारी अळी. एकदा आत शिरली की फवारणीलाही दाद देत नाही.

हिच्यासाठीच जालन्याच्या महिकोने बीटी वांगे तयार केले. ऑक्टोबर २००९ मध्ये केंद्रीय समितीने ते मंजूर केले. मग पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी स्थगिती दिली. बांगलादेशाने मात्र २०१३ मध्ये हेच तंत्र स्वीकारले.

तेव्हा कट्ट्यावर मी स्थगितीच्या बाजूने तावातावाने बोललो होतो. तो निर्णय चुकला असे आजही म्हणवत नाही; बियाण्याची मालकी, दीर्घकालीन चाचण्या हे प्रश्न खरेच होते. पण वांगी पिकवणारा वरचेवर फवारणी का करतो, हे मी कधी कोणाला विचारलेच नव्हते.

आता रोज सकाळी पोखरलेले शेंडे खुडून जाळतो. चार रोपांना ते जमते. एकरभर वांग्यांना?