उत्तर एक, रकाने दोन : जनगणनेतील मातृभाषेची कथा

१/ २०११च्या जनगणनेनुसार भारतात हिंदी भाषकांची संख्या ५२ कोटी ८३ लाख आहे. त्याच जनगणनेच्या त्याच तक्त्यात थोडे खाली पाहिले, तर ‘हिंदी’ ही मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या ३२ कोटी २२ लाख दिसते. दोन्ही आकडे अधिकृत आहेत. मग मधले वीस कोटी लोक कोण? या धाग्यात त्यांचा शोध घेऊ.

२/ प्रगणक दारात येतो, मातृभाषा विचारतो आणि सांगितलेले नाव जसेच्या तसे लिहून घेतो. २०११मध्ये अशी १९,५६९ नावे जमा झाली. त्यांत एकाच भाषेची निरनिराळी रूपे होती, गावांची व जातींची नावेही होती. छाननीनंतर १,३६९ मातृभाषा उरल्या. त्यांपैकी दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या ‘इतर’मध्ये गेल्या आणि उरलेल्यांची मांडणी १२१ ‘भाषां’खाली झाली. मातृभाषा लोकांनी सांगितलेली असते. ती कोणत्या भाषेच्या शीर्षकाखाली जाईल, हे मात्र कार्यालय ठरवते.

३/ ते वीस कोटी लोक या दुसऱ्या पायरीवर सापडतात. भोजपुरी ५ कोटी ५ लाख, राजस्थानी २ कोटी ५८ लाख, छत्तीसगढी १ कोटी ६२ लाख, मगही १ कोटी २७ लाख, आणि अशा आणखी कितीतरी. यांपैकी कोणीही प्रगणकाला ‘हिंदी’ असे उत्तर दिलेले नव्हते.

४/ ही शीर्षके कायमची नसतात. जॉर्ज ग्रिअर्सन यांनी आपल्या भाषिक सर्वेक्षणात भोजपुरी, मगही आणि मैथिली यांना ‘बिहारी’ या एका नावाखाली आणले आणि हिंदीहून वेगळे ठेवले. आपण ‘बिहारी’ बोलतो, असे त्या भाषकांपैकी कोणी सहसा म्हणत नसे. ते नाव अभ्यासकाने दिलेले होते. १९६१च्या जनगणनेपर्यंत ग्रिअर्सनच्या वर्गीकरणाची छाया टिकून होती. १९७१मध्ये या बोली हिंदीच्या शीर्षकाखाली आल्या. हिंदीचा वाटा सुमारे ३० टक्क्यांवरून सुमारे ३७ टक्क्यांवर गेला, त्यात या फेरमांडणीचा मोठा भाग होता.

५/ सर्वांत बोलके उदाहरण मैथिलीचे. १९९१च्या तक्त्यात ती हिंदीखाली होती. फेब्रुवारी २००१मध्ये पुढची गणना झाली आणि लोकांनी पूर्वीप्रमाणेच ‘मैथिली’ असे सांगितले. डिसेंबर २००३मध्ये संसदेने ९२वी घटनादुरुस्ती संमत केली आणि बोडो, डोगरी व संथाळी यांच्यासह मैथिली आठव्या अनुसूचीत आली. २००१चे भाषाविषयक तक्ते त्यानंतर प्रसिद्ध झाले. त्यांत मैथिली स्वतंत्र भाषा म्हणून उभी होती, १ कोटी २१ लाख भाषकांसह. उत्तर आधी दिले गेले होते. त्याचे शीर्षक नंतर जन्माला आले.

६/ आपल्याकडेही हेच घडले आहे. १९०५च्या खंडात ग्रिअर्सनने कोकणीला मराठीच्या कुटुंबात बसवले. १९९२मध्ये ती आठव्या अनुसूचीत स्वतंत्र भाषा म्हणून दाखल झाली. खानदेशीची जागा त्याने १९०७च्या खंडात भिल्ल भाषांबरोबर ठेवली. आजही जनगणनेत अहिराणी मराठीखाली येत नाही, ती ‘खानदेशी’ या वेगळ्या शीर्षकाखाली येते. २०११मध्ये या शीर्षकाखाली सुमारे १८ लाख ६० हजार लोक होते. धुळ्या-जळगावात घरी अहिराणी बोलणाऱ्याने प्रगणकाला ‘मराठी’ सांगितले, की तो या आकड्यातून नाहीसा होतो.

७/ यावरून गटवारीच कपटी आहे, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल. एकोणीस हजार नावांची यादी कोणी वाचू शकणार नाही. शीर्षके द्यावीच लागतात. परंतु घटनेच्या ३५०-क अनुच्छेदात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय सांगितली आहे, आणि अशी मागणी करताना हाती लागतो तो आकडाच. पाच कोटींची भोजपुरी आजही आठव्या अनुसूचीबाहेर आहे. वरची ओळ तेवढी उद्धृत झाली, की तिचे भाषक चर्चेतूनही बाहेर पडतात.

८/ सुदैवाने अहवालाने खालच्या ओळी पुसलेल्या नाहीत; प्रत्येक भाषेखाली तिच्यात मोजलेल्या मातृभाषा छापलेल्या आहेत. वर्तमानपत्रे आणि भाषणे वरच्या ओळीवरच थांबतात. इतिहासाच्या अभ्यासकाने तिथे थांबू नये.

९/ येत्या जनगणनेत प्रगणक हाच प्रश्न घेऊन तुमच्या दारी येईल. शीर्षक काय द्यावे, हे तुमच्या हाती नसेल. उत्तर मात्र तुमचे असेल. आजी ज्या भाषेत हाक मारते, तिचे नाव नीट उच्चारून सांगा, आणि त्याने ते कसे लिहिले, तेही पाहून घ्या.